कपार क्रमांक अकरा

चारठाण्याच्या अलीकडे, ओढ्याच्या वळणावर
एक बारव आहे, पाटी नसलेली.
काळ्या दगडात एकोणीस कपारी.
मी त्यांना चुन्याने नंबर दिले तेव्हा
सटवाजीमामा म्हणाले, "घरपट्टी लावायलीस का काय?"

चैत्रात इथे चिरक भांडतात.
नर काळा, काळ्या भिंतीवर जवळजवळ नसलेला,
आणि उडाला की खांद्यावरचं पांढरं उघडतं,
भर दुपारी दाराची फट उघडावी तसं.
शेपटी वर. शेपटीखाली विटकरी.
मादी मातकट. पायरीवर बसते आणि बघते.
कशाकडे बघते, हा माझा प्रश्न होता
आणि त्यावर मला दोन वर्षं मानधन होतं.

अंदाज सोपा होता:
ज्याचा खांदा जास्त पांढरा, त्याची कपार जास्त खोल.
वहीत रकाने पाडले.
खोली (माझा हात कोपरापर्यंत, पुढे पट्टी),
पाण्यापासून उंची, तोंड कुठल्या दिशेला,
ऊन किती वाजता आत शिरतं,
मुंगूस पोचतं का.
शेवटचा रकाना: रंग.

सगळ्यांत देखणा नर, पायात निळं कडं,
खांदा नुसता लखलखीत,
तो राहायचा चार नंबरात. पश्चिमेला तोंड, वीतभर खोल,
शेजारी मोटारीचा पाइप थरथरतो.
मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिथली तीन पिल्लं
उष्म्याने गेली. मी थर्मामीटर बाहेर काढला:
सेहेचाळीस.
तो नंतरही पाइपावर बसून गात होता.
खांदा तसाच.

आणि अकरा नंबर.
उत्तरेला तोंड, हातभर खोल, आत सापाची कात अंथरलेली,
दिवसभर माठाखालच्या जमिनीसारखी गार.
तिथला नर बघून मी वही मिटलीच.
पट्टी अर्धी उडालेली, शेपटीचं एक पीस मोडकं,
काळा विटून जुन्या छत्रीसारखा.
लाल कडं. म्हणजे गेल्या साली मीच घातलेलं.
मागचं पान काढलं. त्याच्यापुढे माझंच अक्षर:
"खांदा उत्तम."

म्हणजे जागा मिळते रंगावर
आणि रंग जातो जागेपायी?
मामांनी बिडी दगडावर विझवली.
"एवढी जागा राखायची तर पिसं ऱ्हातेत व्हय?
ती बघ. आधी आत जाऊन आली.
मग बघितलं त्याच्याकडं.
जरासंच."

त्याच आठवड्यात आईचा फोन. सेलूचं स्थळ.
"दिसायला बेताचाच आहे," आई म्हणाली, "पण जागा स्वतःची."
मराठीत मुलालाच स्थळ म्हणतात,
हे मला तिसाव्या वर्षी ऐकू आलं.
म्हणाले, पोहे त्यांच्याकडे ठेवा. मी येते बघायला.

दुपारी तीनला गेले, मुद्दाम.
सगळे फॅनखाली. लाडू, अल्बम, त्याच्या मावशीचे प्रश्न.
मी पाणी प्यायला म्हणून उठले
आणि मागच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावला.
तो दारात येऊन थांबला होता.
कानाजवळ पिकलेले केस, कॉलर घासलेली.
"चारपर्यंत इथे टेकवत नाही," म्हणाला.
"पलीकडची गार आहे. आईचा पलंग तिथेच होता.
तीन वर्षं."
मग त्याला काही सुचेना. मलाही.
बाहेर कुणीतरी चहा गाळत होतं.

परतीच्या एसटीत वही उघडली. सवयीने लिहिलं:
तोंड पश्चिम. आतली खोली गार.
रंगाच्या रकान्यात पेन टेकवलं
तेवढ्यात बस फाट्यावरच्या खड्ड्यात आदळली
आणि तिथे एक रेघ उठली,
लांब, पानाबाहेर गेलेली.